तात्या घाडगे आणि माझी काळी मोटार

चोपन्न सालच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दोन दिवस आधी, मी इंदूरहून नवी मोटार घेऊन उज्जैनला आलो. दीड वर्ष नंबर लावून बसलो होतो. गाडीचा रंग काळा. दुसरा रंग हवा असेल तर आणखी सहा महिने थांबा, असं एजंट म्हणाला होता आणि तेवढा धीर माझ्यात नव्हता.

टावर चौकाजवळ माझा दवाखाना होता आणि घर माधवनगरात. गाडी दारात उभी राहिली आणि सल्ले सुरू झाले. शेजारचे भय्यासाहेब बँकेत होते. ते म्हणाले, "डॉक्टर, रोज सकाळी घासलेटचा एक हात फिरवा, आरशासारखी चमकेल." माझा कंपाउंडर प्रकाश खोबरेल तेलाचं सांगू लागला. माझी बायको रजनी म्हणाली, चिखल उडाला तर धुण्याच्या सोड्यानं लगेच निघेल. एजंटानं तर पॉलिशचा एक डबा सोबतच बांधून दिला होता. रोज दुसऱ्यांना औषधं लिहून देणारा मी, आता माझ्याच दारात जो तो औषध लिहून देत होता. काय लावावं ते मला कळेना. शेवटी भय्यासाहेबच म्हणाले, "असं करा, घाडग्याला बोलवा. संस्थान होतं तेव्हा सुभेसाहेबांच्या मोटारखान्यात होता तो. त्याच्याइतकं कुणाला मालूम नाही."

तात्या घाडगे दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पंचेचाळिशीचे, उंच, अंगात धुतलेला खाकी कोट, डोक्यावर काळी टोपी. मला रामराम केला आणि सरळ गाडीकडे गेले. कोपरापर्यंत बाही वर केली, डोळे मिटले आणि उजव्या हाताची चार बोटं बॉनेटवरून हळूच फिरवली. मग दारावरून, मग मडगार्डच्या वळणावरून.

"रंग अजून ओला आहे, डॉक्टरसाहेब."

"ओला कसा? इंदूरला महिनाभर उभी होती."

"हाताला सुका लागतो. आत ओला आहे. नवा रंग तीन महिने श्वास घेतो. आता याच्यावर मेण लावलं, पॉलिश लावलं, तर तो आतल्या आत कोंडेल. तीन महिने नुसतं थंड पाणी. बाकी काही नाही."

मी घासलेटचं विचारलं. ते हसले. "घासलेटनं चमकते, खरं आहे. चार दिवस. मग त्यावर धूळ बसते आणि धुळीसकट तुम्ही पुसता. सोडा तर या घरात दिसायला नको. सोड्यानं रंगाची साय निघून जाते."

रजनी दारात उभी होती. ती म्हणाली, "मग धुवायचं कशानं?"

"रिठ्याच्या पाण्यानं, वैनीसाहेब. तुम्ही रेशमी लुगडं कशानं धुता? तसंच."

त्या रविवारी आम्ही दोघं सामान आणायला निघालो. माझ्या आयुष्यातली ती एक फार सुखाची सकाळ होती, हे तेव्हा कळलं नाही. देवास गेटजवळ एका पंसाऱ्याच्या किराणा दुकानात तात्यांनी रिठे घेतले. एकेक रिठा कानाशी हलवून बघितला. पोळ्याचं मेण घेतलं, त्यात नख रुतवून वास घेतला आणि पंसाऱ्याला म्हणाले, "सेठ, इसमें चरबी मिली है. भीतरवाला दो." पंसारी आत गेला आणि दुसरी वडी घेऊन आला. मग कापड. मांजरपाट त्यांनी बाजूला सारलं. पांढरं फलालीन घेतलं आणि दुकानातच त्याचे दोन्ही काठ टराटरा फाडून टाकले.

"काठ कडक असतो, साहेब. काळ्या रंगावर काठाची रेघ उठते."

मोच्याकडून सांबराचं मऊ चामडं घेतलं, पाणी टिपायला. शेवटी टावर चौकातलं मोटारीच्या सामानाचं दुकान. दुकानदारानं मला बघून एक सुरेख डबा काढला.

"देखिए डाक्साब, विलायती है. एक हाथ में शीशा बना देगा."

तात्यांनी झाकण उघडलं. चिमूटभर पॉलिश अंगठा आणि तर्जनीमध्ये घेतलं, डोळे मिटले आणि बराच वेळ चोळत राहिले. दुकानदार हसू लागला होता, तो थांबला.

"यात खडी आहे," तात्या मला म्हणाले. "फार बारीक आहे, पण आहे. जुन्या, विटलेल्या रंगाला हे ठीक. नव्यावर लावणं म्हणजे लेकराचा गाल काथ्यानं घासणं."

मी तोच डबा घेऊन बघितला. माझ्या बोटांना ते लोण्यासारखं लागलं. डॉक्टरची बोटं म्हणून मला थोडा अभिमान होता. पोटावर हात ठेवून मी यकृताची कड सांगत असे. त्या दिवशी मला कळलं की माझ्यापेक्षा शहाणे हात या गावात आहेत.

एप्रिलमध्ये त्यांनी पहिल्यांदा मेण लावलं. आमच्या मागच्या अंगणात शेगडी मांडली, मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, त्यात लहान भांडं ठेवून मेण विरघळवलं, मग शेगडीपासून लांब नेऊन त्यात टर्पेंटाइन ओतलं. थंड झाल्यावर मलमासारखं झालं. ते फलालीनवर घेऊन एका वेळी वीतभर जागेत लावायचे. दर रविवारी यायचे. दोन बादल्या, एकीत रिठ्याचं पाणी, दुसरीत साधं. कापड साध्या पाण्यात बुडवलं की पिळण्याआधी ते बोटांनी चाचपायचे. कुठं वाळूचा कण अडकला असेल तर हाताला लागायचा, तो काढून टाकायचे. बोलता बोलता चाचपायचे, जशी बाई बोलता बोलता तांदळातले खडे काढते.

त्या बोलण्यातूनच मला त्यांची हकिगत कळली. त्यांचे आजोबा शिंद्यांच्या पागेत होते, घोड्यांची खोगिरं राखायचे. वडील बग्ग्यांना लाख लावायचे. तात्या सोळा वर्षांचे असताना उज्जैनच्या सुभ्यासाठी, म्हणजे संस्थानच्या इथल्या अधिकाऱ्यासाठी, पहिली मोटार आली आणि साहेबांनी विचारलं, हिच्या रंगाला हात कोण लावील? वडिलांनी या मुलाला पुढे केलं. पुढं मोटारखान्यात सहा गाड्या झाल्या. अठ्ठेचाळीस साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, त्यानंतर वर्षभरात मोटारखाना मोडला.

"हुकूम आला, गाड्या ग्वाल्हेरला पाठवा," तात्या म्हणाले. "जाण्याआधी साफ करून द्या असं कागदात नव्हतं. पण मी आठ दिवस लावून सहाही गाड्या मेण लावून दिल्या. रांगेनं निघाल्या देवास गेटवरून. आम्ही चौघं नोकर उभे होतो. नव्या सरकारच्या यादीत ड्रायव्हर होते, फिटर होते. पुसणारा नव्हता."

त्यानंतर ते मिळेल ते करत. कुणाच्या दाराचं पितळ, कुणाचं टेबल, कुठं लग्नाची मोटार. त्यांच्या बायकोचं नाव मंगला. एक मुलगी, सुलू. मॅट्रिकला बसलेली, बोलायला धीट, वडिलांच्या गळ्यातला ताईत. ती कधी रविवारी त्यांना बोलवायला यायची आणि गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणायची, "बाबा, इकडे एक बोट राहिलंय." राहिलेलं नसायचं. तात्या तरी जाऊन बघायचे.

दीड वर्ष असं गेलं. पंचावन्नच्या गणपतीनंतर एका सोमवारी उन्हात मला बॉनेटवर बारीक गोल रेघा दिसल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. पुढच्या रविवारी मी तात्यांना दाखवल्या. त्यांचा चेहरा उतरला. "कापडात काही राहिलं असेल," ते म्हणाले. त्यांनी फलालीन बदललं. पुढच्या रविवारी मागच्या दारावर रेघा. माझ्या मनात आलं की हा माणूस आता हातचं राखून काम करतो, किंवा लक्ष नाही. सुलूचं लग्न जुळवायच्या धावपळीत होते, देवासचा मधुकर नावाचा मास्तर मुलगा पाहिला होता, बोलणी चालली होती.

दिवाळीच्या आधीचा रविवार. भय्यासाहेब आणि आणखी दोघं-तिघं माझ्या व्हरांड्यात चहा घेत बसले होते. तात्या डावीकडचं पुढचं दार पुसत होते. मी सहज खाली उतरलो आणि पाहिलं तर दारावर हातभर लांब, खोल रेघ. रंगाखालचा पत्रा दिसत होता. तात्या त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा कापड फिरवत होते आणि रेघ वाढत होती.

"तात्या! थांबा!"

ते दचकून थांबले. मी त्यांच्या हातातून कापड ओढलं. आत हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा होता. मला राहवलं नाही. पाहुण्यांसमोर मी ओरडलो, "हा हात आहे की खरारा? घोडा घासताय का तुम्ही?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते माझ्या हातातल्या कापडाकडे बघत होते. पुढे होऊन त्यांनी तो खडा उचलायचा प्रयत्न केला. दोनदा चिमटीतून सुटला. मग कोटाची बाही खाली केली, मला रामराम केला आणि फाटक लावून गेले.

जेवण झाल्यावर हात धुताना रजनी म्हणाली, "पागेतल्या माणसाच्या नातवाला खरारा म्हणालात."

"चिडलो होतो. पण चूक माझी आहे का? एवढा खडा हाताला लागत नाही?"

"नाही लागत त्यांच्या हाताला काही," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात मेणाचं भांडं उकळत्या पाण्यातून तसंच उचललं. मी ओरडले. ते म्हणाले, वैनीसाहेब, एवढं गरम नाही. आणि तळहाताला हा एवढा फोड आला. तुम्हाला सांगितलं होतं मी. तुम्ही म्हणालात, बर्नॉल लावा."

ती म्हणाली ते खरं होतं. तिनं सांगितलं होतं आणि मी वर्तमानपत्रातून मान वर न करता औषध सांगितलं होतं. पंधरा वर्षं डॉक्टरी करणारा माणूस. दुखत नसलेला फोड म्हणजे काय, हे शिकवायला मला कुणाची गरज नव्हती.

दुपारीच बॅग घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा. तात्या ओट्यावर बसले होते. मला बघून उठले. मी आधी माफी मागितली. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही बोललात ते बराबर बोललात. माझाच हात मला आपला वाटत नाही."

मी त्यांना आत नेलं, दार लावलं, कोट-सदरा काढायला सांगितला. पाठीवर दोन फिकट चट्टे होते. कोपराच्या आतल्या बाजूची शीर दोरीसारखी जाड लागली. मी कापसाची वात केली आणि म्हणालो, "डोळे मिटा. हाताला लागलं की 'हो' म्हणा."

दंडावर लावली. "हो." कोपराखाली लावली. "हो," पण उशिरानं. मग मी करंगळीला लावली, तळहाताला लावली, अंगठ्याला लावली, तर्जनीला लावली. तात्या डोळे मिटून वाट बघत होते. मी हात मागे घेतला, कापूस बाजूला ठेवला, तेव्हा थोड्या वेळानं ते म्हणाले, "हो."

हाताला काही लागलं नव्हतं, मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. टोचून बघायची टाचणी मी काढलीच नाही.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. बोटं झोपल्यासारखी. वाटलं, सदा पाण्यात हात, म्हणून." मग त्यांनी डोळे उघडले. "महारोग आहे न?"

मी हो म्हणालो. आणि मग घाईघाईनं पुष्कळ बोललो. आता गोळ्या निघाल्यात, सल्फोनच्या, रोग थांबतो, हा पूर्वीसारखा शाप राहिला नाही, घर सोडायची गरज नाही, ताट-वाटी वेगळी ठेवा, मी स्वतः औषध देईन, कुणाला कळणार नाही. ते ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"सुलूला आहे का?"

दुसऱ्या दिवशी देवीच्या लशीचं निमित्त करून मी मंगलाबाईंना आणि सुलूला तपासलं. दोघी ठणठणीत होत्या. तात्यांना सांगितलं तेव्हा ते भिंतीला टेकून खाली बसले.

लग्न वैशाखात ठरलं होतं. मी म्हणत होतो, गप्प राहा, गोळ्या घ्या, लग्न होऊन जाऊ द्या. पण तात्यांच्या करंगळ्या आत वळू लागल्या होत्या. कानाच्या पाळ्या जाड दिसू लागल्या होत्या. माघात साखरपुड्याला देवासहून लोक आले तेव्हा ते दोन्ही हात उपरण्याखाली घेऊन बसले होते. व्याह्यांनी हातात हात घ्यायला हात पुढे केला आणि तात्यांनी वाकून नमस्कार केला. चार दिवसांनी ते माझ्या दवाखान्यात आले. शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाहेर उभे राहिले, बाकावर बसले नाहीत.

"मला महारोग्यांच्या आश्रमात पाठवा, साहेब. वऱ्हाडात आहे म्हणतात."

"तात्या, मुलीचं लग्न तीन महिन्यांवर आलंय."

"म्हणूनच. कन्यादानाला मुलीचा हात माझ्या हातात येणार. सगळा मांडव तेच बघत असतो. एकाला दिसलं तरी खतम. तिला कुणी नेणार नाही."

"मग सांगायचं काय लोकांना?"

त्यांनी तेही ठरवून ठेवलं होतं. "तुम्ही मला सर्वांसमोर बोललात ते गावाला माहीत आहे. घाडगे मानी माणूस, डॉक्टरनं अपमान केला, गाव सोडून गेला, नागपूरला एका गॅरेजात लागला. लोक मानतील." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमच्यावर येईल, साहेब. तेवढं माझ्यासाठी सोसा."

मी कबूल केलं. सुलूला तरी खरं सांगू, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्या टेबलावर दोन्ही हात ठेवले, पहिल्यांदाच, उघडे. "तिला कळलं तर ती लग्न मोडून माझ्याबरोबर येईल. तुम्ही ओळखता तिला. शपथ घ्या."

मी शपथ घेतली.

फाल्गुनात एका सकाळी मीच त्यांना त्या काळ्या गाडीतून स्टेशनवर नेलं. मंगलाबाईंना सगळं ठाऊक होतं, पण त्या घरीच राहिल्या, सुलूला संशय येऊ नये म्हणून. सुलू झोपेतून उठायच्या आत ते निघाले होते. खांडव्याला गाडी बदलून कसं जायचं ते मी चिठ्ठीवर लिहून दिलं, आश्रमाच्या डॉक्टरांना पत्र दिलं. फलाटावर मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "ती रेघ तशीच ठेवू नका, साहेब. पत्रा उघडा पडलाय, पावसाळ्यात गंज धरेल."

लग्न झालं. कन्यादान मामानं केलं. मुंडावळ्या बांधलेली सुलू बोहल्याकडे जाण्याआधी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"काका, तुम्ही बाबांना काय बोललात?"

रजनीनं माझा हात दाबला. मी म्हणालो, "बोललो काहीतरी. चुकलं माझं."

"काय बोललात ते सांगा."

मी तो शब्द सांगितला. "आमचे पणजोबा पागेत होते," ती म्हणाली. "आणि बाबांना सुद्धा मी बघून घेईन. मुलीच्या लग्नाला एक दिवसाची रजा मिळत नाही? एवढा अपमान मोठा, आणि मी लहान?"

मी शपथ घेतलेला माणूस होतो. अक्षता हातात घेऊन उभा राहिलो.

पंधरा दिवसांनी मंगलाबाईंनी घराला कुलूप घातलं आणि त्या नवऱ्याकडे गेल्या. गावात लोक म्हणाले, नागपूरला गेल्या. नोव्हेंबरात मध्य भारतही संपला, उज्जैन मध्य प्रदेशात गेलं आणि वऱ्हाड मुंबईकडे. तात्यांची पत्रं येत. आश्रमातला कुणीतरी लिहून द्यायचा, खाली त्यांचा अंगठा. मजकूर दर वेळी जवळपास तोच. औषध चालू आहे. मंगला स्वयंपाकात मदत करते. आश्रमाची एक जुनी जीप आहे, ती बघतो. शेवटी एक ओळ, सुलूचं काही? मी लिहायचो, सुलू खुशाल आहे. सुलूला मुलगा झाला. सुलूला मुलगी झाली. तिची दोन्ही बाळंतपणं आमच्या घरी झाली, कारण तिला दुसरं माहेर नव्हतं. रजनीनं सगळं केलं. सुलू तिच्याशी पोटभर बोलायची. मी खोलीत आलो की गप्प व्हायची. आई-वडिलांचा पत्ता तिनं कधी मागितला नाही. "त्यांना हवं असेल तर ते लिहितील," म्हणायची. तात्या तिला लिहीत नसत. पाकिटावर आश्रमाचा शिक्का असायचा.

साठ सालच्या हिवाळ्यात मी जाऊन आलो. रोग थांबला होता, तसा दाखलाही मिळाला होता, पण दोन्ही हातांची बोटं आत मिटली होती ती तशीच. पायाला जखम होती. मी म्हणालो, "चला आता घरी." ते म्हणाले, "हे हात घेऊन कुठं? सुलूच्या दारात?" मग त्यांनी मला जीप दाखवली. ते खुर्चीवर बसत आणि दोन बायका त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुसत. त्यातल्या एकीच्या हाताला अजून चांगलं कळायचं. तिला ते दर वेळी कापड चाचपायला लावत. "हिचा हात चांगला आहे," ते मला म्हणाले. बाईच्या नाकाचं हाड बसलं होतं. ती लाजून हसली.

एकसष्टच्या आषाढात मंगलाबाईंचं पत्र आलं. पायाच्या जखमेतून ताप चढला, चार दिवसांत तात्या गेले. आश्रमातच अग्नी दिला.

शपथ संपली, असं मी धरलं. रविवारी रजनीला घेऊन देवासला गेलो. सुलू आणि मधुकर दोघंही घरी होते. मी सगळं सांगितलं, पहिल्या रेघेपासून. मधुकर मान खाली घालून ऐकत होता. सुलू दळण निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर मधुकर म्हणाला, "डॉक्टर, त्या वेळी कळलं असतं तर मी लग्न केलं असतं की नाही, खरंच मला सांगता येणार नाही. वडील तर नाहीच म्हणाले असते." त्याच्या या खरेपणाबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

दुसऱ्या दिवशी सुलू आणि मधुकर वऱ्हाडात गेले. मंगलाबाईंना घेऊन येणार होते. त्या आल्या नाहीत. म्हणाल्या, इथं माझी माणसं आहेत, तिकडे मी कुणाला काय सांगत बसू? मुलांना घेऊन वर्षातून एकदा ये.

परत येताना सुलू उज्जैनला उतरली, मधुकर तसाच पुढे गेला. दुपारची वेळ होती. ती आमच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसली. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलली.

"तुम्ही खोटं बोललात त्याचा मला राग नाही, काका. बाबांनी बोलायला लावलं. पण पाच वर्षं मी त्यांना एक अक्षर लिहिलं नाही. आई म्हणाली, टपाल आलं की ते फाटकापर्यंत जायचे. तुमचं पत्र वाचून घ्यायचे आणि विचारायचे, दुसरं काही नाही? तुम्ही माझ्या बाळंतपणाला याच घरात होता. मी त्या खोलीत होते. एकदा म्हणाला असतात, सुलू, एक कार्ड टाक. रोगाचं सांगू नका, काही सांगू नका. नुसतं, टाक म्हणाला असतात."

मी शपथेचं सांगणार होतो, पण तशी शपथ त्यांनी मला घातली नव्हती. कार्ड टाकू नको, असं तात्या कधी म्हणाले नव्हते. ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

रजनीनं चहा आणून ठेवला. सुलूनं तो तिच्याकडे बघून घेतला, अर्धा प्याली, आणि देवासची बस धरायला उठली. मी गाडीनं सोडतो म्हणालो. ती म्हणाली, "नको, तांगा मिळेल."

पुढं ती येत राहिली, नाही असं नाही. रजनी आजारी पडली तेव्हा आठ दिवस राहून गेली. मुलांना मला नमस्कार करायला लावते. मंगलाबाई सदुसष्ट साली तिथंच गेल्या, तेव्हा तिनं मला तार केली आणि आम्ही बरोबर गेलो. रेल्वेच्या त्या सबंध प्रवासात तिनं माझी फार काळजी घेतली, पाणी दिलं, खिडकीची जागा दिली. वडिलांचा विषय मात्र तिनं काढला नाही. मलाही काढता आला नाही.